दुसरी वेलांटी

६ मार्च २०२३

आमच्या जावयाने वकीलबाईंसाठी दीड पानाचे निवेदन लिहिले आहे. ते आज तपासण्यासाठी माझ्यापुढे आले. जावई पाव उत्तम भाजतो, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच्या निवेदनात शुद्धलेखनाच्या चौदा आणि वस्तुस्थितीच्या तीन चुका आहेत. पैकी चौदा मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. उरलेल्या तीन येथे नोंदवून ठेवतो, कारण कोणीतरी कोठेतरी खरे लिहून ठेवले पाहिजे.

तो लिहितो : ‘दि. १९ डिसेंबर १९८२ रोजी सदर मुलीला परदेशातून आणली.’ एक तर ‘मुलगी आणली’ किंवा ‘मुलीला आणले’. ‘मुलीला आणली’ असा प्रयोग कोणत्याही व्याकरणात बसत नाही. वस्तुस्थिती म्हणाल, तर महिना नोव्हेंबर होता. पुढे तो म्हणतो की ती त्या वेळी दीड वर्षाची होती. ती दोन वर्षे, पाच महिने आणि पंधरा दिवसांची होती. तिसरी चूक गंभीर आहे. ‘तिचा पहिला शब्द आई हा होता,’ असे त्याने ठोकून दिले आहे. हे आमच्या हिने त्याच्या कानात भरलेले दिसते. तिचा पहिला शब्द ‘चूक’ हा होता. मी त्या वेळी हजर होतो.

आता प्रकरण काय आहे, ते लिहितो. आमच्या मुलीला घरात सगळे अनुस्वार म्हणतात, कारण आल्या दिवसापासून ती माझ्या डोक्यावर बसलेली आहे. प्रारंभी खांद्यावरून वर चढून, पुढे केवळ स्वभावाने. गेली वीस वर्षे ती अग्निशमन दलात आहे. जानेवारीत तिची केंद्रप्रमुख म्हणून निवड झाली, कागदपत्रांची तपासणी झाली आणि तीत असे आढळले की ती या देशाची नागरिक असल्याची नोंद कोठेही नाही. दत्तकविधान पक्के आहे, नागरिकत्व नाही. पंधरा जूनपर्यंत पुरावा दिला नाही, तर नोकरी जाईल. त्यानंतर येथे राहण्यासाठी तिला परकी व्यक्ती म्हणून परवानगी मागावी लागेल आणि ती नाकारली गेली, तर जिच्या भाषेतील एक अक्षरही तिच्या तोंडी उरलेले नाही, अशा भूमीकडे तिची रवानगी होईल.

दलाच्या त्या पत्रातही ‘नागरीक’ असे छापले आहे. वास्तविक त्यातील ‘रि’ ऱ्हस्व, म्हणजे पहिली वेलांटी. यांनी दीर्घ, म्हणजे दुसरी दिली आहे. सरकारी कार्यालयांना हा एक शब्द धड लिहिता येत नाही. मी त्यांना चाळीस वर्षांपूर्वीच कळवले होते.

९ मार्च

वकीलबाईंचे कार्यालय चष्म्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. बाई तरुण, तडफदार. ‘ण’ आणि ‘न’ यांचे उच्चार वेगळे करतात. मला बरे वाटले.

“काका, दत्तक आदेश वेगळा आणि नागरिकत्व वेगळं,” त्या म्हणाल्या. “कोर्टानं तुम्हाला मुलगी दिली. देशानं तिला घेतलं का, एवढाच प्रश्न आहे.”

मग त्यांनी अनुस्वाराला विचारले, “मतदान केलंय कधी?”

“नाही हो. दोनदा अर्ज केला, यादीत नावच आलं नाही. आणि त्या दिवशी आमची ड्यूटी असतेच.”

“वाचलात! नाहीतर खोटी मतदार म्हणून आणखी एक लफडं गळ्यात आलं असतं.”

नागरिकाच्या कर्तव्यावरून गेली वीस वर्षे मी तिला बोल लावत आलो आहे. तिने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी खिडकीबाहेर पाहिले. समोर विशेष काही नव्हते.

“त्या वेळी अर्ज केला होता ना तुम्ही? मग प्रमाणपत्र आलं होतं का?” वकीलबाईंनी विचारले.

“आले होते,” मी म्हणालो. “हिरवी किनार होती. मला स्वच्छ आठवते.”

“मग गेलं कुठे?”

मी आमच्या हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, “माझ्याकडे काय बघताय?”

१२ मार्च

दोन दिवस घर उपसले. आमची ही प्रत्येक महत्त्वाची वस्तू ‘नीट’ ठेवते, म्हणजे ती पुन्हा कोणालाही सापडू नये अशी तजवीज करते. शिवणयंत्राच्या खणात अनुस्वाराचा पहिला पडलेला दात काडेपेटीत मिळाला. जुन्या उशीच्या अभ्र्यात ती आली त्या दिवशीचा बूट सापडला, एकच, डावा. तो हातात घेऊन ही बसून राहिली, मग जावयाने आपल्या अंगठ्यात घालून नाचवला आणि चौघेही पोट धरून हसलो. प्रमाणपत्र मिळाले नाही.

“अहो, तुम्ही ते माझ्याकडे दिलंच नव्हतं,” ही म्हणाली. “काम झालं, एवढंच म्हणालात.”

मी वाद वाढवला नाही. तिचे वय झाले आहे.

२९ मार्च

नागरिकत्व कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुनी प्रकरणे शोधण्याची परवानगी मिळाली. मी आणि अनुस्वार गेलो. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर फितीने बांधलेली बाडे आणि तोंडाला रुमाल बांधलेला अभिलेखपाल. शिडी डुगडुगत होती. अनुस्वाराने त्याला खाली उतरवले, शिडीचा पाय जमिनीवर नीट टेकवला आणि स्वतःच चढली. “मॅडम, ते आमचं काम आहे,” तो म्हणाला. “शिडी माझं काम आहे,” ती वरून म्हणाली.

बाड सापडले. तिने टेबलावर फीत सोडली, दोन कागद उलटले आणि ती हसू लागली. साधे हसणे नव्हे. टेबलावर डोके टेकून, खांदे गदगदा हलवत. अभिलेखपाल घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला.

“बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली, “हे अक्षर तुमचं.”

हिरव्या किनारीचे प्रमाणपत्र समोर होते. त्यावर शिक्का होता, सही होती, ६ जून १९८३ ही तारीख होती. ‘…ही या देशाची नागरीक आहे’ या वाक्यातील दुसरी वेलांटी तांबड्या शाईने छाटलेली होती. समासात पहिली वेलांटी काढलेली होती. खाली लिहिले होते : ‘दुरुस्त प्रत पाठवावी.’ त्याखाली माझी सही.

मी ते परत पाठवले होते. हे मला त्या क्षणी, त्या टेबलापाशी आठवले.

त्याखाली कार्यालयाचे ३ ऑक्टोबर १९८३ चे पत्र होते : ‘आपण प्रमाणपत्र स्विकारता किंवा कसे, हे उलट टपाली कळवावे.’ तेही मी परत केले होते. ‘स्विकारता’ येथे ‘स्वीकारता’ अशी दुरुस्ती करून. अन्य मजकूर नाही.

“आजोबा,” अभिलेखपालाने रुमाल खाली ओढला, “त्यांनी विचारलं, स्वीकारता का? हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. तुम्ही वेलांटी दिलीत.”

शेवटच्या कागदावर एकच ओळ होती : ‘पक्षकाराने प्रमाणपत्र परत केले. प्रकरण बंद. ३१ डिसेंबर १९८३.’

दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या, हे येथे नमूद करतो.

३० मार्च

आज नोंद करण्यासारखे काही घडले नाही.

३१ मार्च

कालची नोंद खरी नव्हती. ती खोडत नाही. खाली शुद्ध करतो.

काल सकाळी मी आमच्या हिला सर्व सांगितले. ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती. ती ओरडली नाही. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली आणि म्हणाली, “माझ्या पोरीला चाळीस वर्षं वेलांटीवर टांगून ठेवलीत तुम्ही.”

‘पोरीला टांगून ठेवलेत’ असे हवे होते. मी सांगितले नाही.

मी चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. छापखान्यात मजकूर जुळवून झाला की त्याची कच्ची प्रत माझ्यापुढे येई आणि माझी सही झाल्यावाचून यंत्र फिरत नसे. चुकीचा कागद परत करणे, हेच माझे काम होते. परत केलेला कागद शुद्ध होऊन पुन्हा येतो, ही माझी चाळीस वर्षांची समजूत. पण मी हा विषय विसरलो कसा? आज दिवसभर विचार करून कारण सापडले. २३ जूनला मी प्रमाणपत्र टपालात टाकले आणि २४ जूनला ती बोलली.

येथे आल्यापासून सात महिने तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. तिच्या जुन्या भाषेतला नाही, आमच्याही नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या दिवशी मी जमिनीवर बसून एका पाठ्यपुस्तकाची कच्ची प्रत वाचत होतो आणि ती नेहमीप्रमाणे माझ्या मानेवर बसली होती. एकाएकी ती वाकली, तिने कागदावर बोट ठेवले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “चूक!” मी तिला उचलून गल्लीभर फिरवले. समोरच्या शिंप्यापुढे तिला बोलून दाखवायला लावले. त्यानंतरचा पंधरवडा घरात दुसरा विषय नव्हता. प्रमाणपत्र कोणाच्या लक्षात राहणार?

आजवर मी सर्वांना सांगत आलो की तिने बोट ठेवले, तेथे खरोखरच चूक होती. तेथे चूक नव्हती. ओळ पूर्णपणे शुद्ध होती.

४ एप्रिल

अनुस्वाराच्या केंद्रावर गेलो. आवारात दोन बंब धुऊन उभे होते आणि उंच मनोऱ्यावरून लांबलचक पाण्याचे पाइप वाळत घातले होते. ती एका जवानाकडून पाइपाची जोडणी पुन्हा पुन्हा करून घेत होती. “आटे बसले नाहीत. काढ. परत.” तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला. “काय म्हणालास?” “काही नाही मॅडम. परत करतो.” मला ते वाक्य ओळखीचे वाटले.

मी चार वाक्यांचा मसुदा करून नेला होता. खिशातून कागद काढला.

“वाचून दाखवू नका हं बाबा. आधी घाम पुसा.”

“त्यात अनवधान हा शब्द आहे. तो मी विचारपूर्वक—”

“बाबा.” तिने मला बंबाच्या पायरीवर बसवले आणि स्वतः शेजारी बसली. “मी आले तेव्हा कशी होते? बोलत नव्हते, अंथरूण ओलं करत होते, तुमचा चष्मा खिडकीतून फेकला.”

“दोन चष्मे.”

“दोन. म्हणजे पहिल्या अक्षरापासून अशुद्ध होते मी. मला नाही पाठवलंत परत.”

मी कागद घडी करून खिशात ठेवला.  मी विचारले, “भीती वाटते का?”

“वाटते,” ती म्हणाली. “आगीची नाही वाटत. आग कुठून येते, ते कळतं. हे कागद कुठून येतात, कळत नाही. त्यात परवा एका पोरानं विचारलं, मॅडम, तुम्हाला खरंच पाठवतील का? मी म्हटलं, पाठवलं तर बंब घेऊन जाईन.” ती हसली, पण पाइपाकडे पाहत. मग एकदम वळून म्हणाली, “ते प्रमाणपत्र पाठवलंत, तेव्हा सोबत पत्र लिहिलं असणार तुम्ही. तुम्ही नुसता कागद कधीच पाठवत नाही.”

हे खरे आहे.

५ एप्रिल

वर्तमानपत्रे, कार्यालये, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका यांतील चुकांबद्दल मी आजवर जी पत्रे लिहिली, त्यांच्या कार्बन प्रती एका वहीत चिकटवलेल्या आहेत. एकूण ६११. पत्र क्रमांक १८७, दिनांक २३ जून १९८३ :

‘सोबतचे प्रमाणपत्र केवळ दुरुस्तीसाठी परत पाठवीत आहे. त्यातील आशय आम्हांस सर्वथा मान्य असून दुरुस्त प्रत हाती पडताच पोच देऊ.’

वकीलबाईंना दूरध्वनीवर वाचून दाखवले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“पुन्हा वाचा, काका.”

पुन्हा वाचले.

“अहो, तुम्ही नाकारलंच नव्हतं! त्यांनी नोंद करताना नुसतं ‘परत’ लिहिलं. ‘केवळ दुरुस्तीसाठी’ गाळलं! दोन शब्दांवर उभी राहते आपली केस.”

आमची ही दारात उभी राहून ऐकत होती. दूरध्वनी ठेवल्यावर ती म्हणाली, “बुडवलंही शब्दांनीच आणि तारताहेतही शब्दच. चला, चहा घ्या.” तिने गेल्या आठवडाभरात प्रथमच माझ्या कपात साखर घातली.

११ मे

सुनावणी झाली. खोली लहान, पंखा आवाज करणारा. सुनावणी अधिकारी चाळिशीच्या आतले. पत्र क्रमांक १८७ त्यांनी दोनदा वाचले आणि मान डोलावली. मग ऑक्टोबरचा कागद उचलला.

“आजोबा, हे एक कळत नाही. आम्ही सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर का नाही दिलं?”

वकीलबाईंनी आदल्या दिवशी मला बजावले होते : आठवत नाही, म्हणा. मी उभा राहिलो. मला आठवत होते.

“चूक माझी,” मी म्हणालो. “पत्र आशयासाठी वाचायचे असते. मी ते अक्षरांसाठी वाचले. त्याची शिक्षा व्हायची असेल, तर मला व्हावी. मुलीचे वय तेव्हा तीन वर्षांचे होते आणि तिला वेलांट्या येत नव्हत्या.”

अधिकाऱ्यांनी कागद खाली ठेवला. “आणि आमचं अक्षर? ते तरी बरोबर होतं का?”

“नव्हते.”

पंख्याच्या आवाजातही हशा ऐकू आला. मागून अनुस्वार कोणाला तरी म्हणत होती, “तारीख लिहून घ्या. बाबा ‘चूक माझी’ म्हणालेत.” जावयाने खरोखरच लिहून घेतली.

निर्णय तेथेच झाला. नागरिकत्व १९८३ मध्येच दिले गेले होते. ते कोणी नाकारले नव्हते, सबब ते कधी गेलेच नव्हते. मूळ तारखेपासून नवे प्रमाणपत्र मिळेल. थोडक्यात, ती गेली चाळीस वर्षे नागरिक होती आणि हे तिच्यासह कोणालाही ठाऊक नव्हते. आमची ही अधिकाऱ्यांना म्हणाली, “तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.” 

६ जून

प्रमाणपत्र आज मिळाले. चाळीस वर्षे पूर्ण झाली, नेमका तोच दिवस.

निघण्यापूर्वी हिने माझ्या खिशातील तांबडे पेन काढून घेतले. मी हरकत घेतली नाही. जावयाने पहाटे उठून हातभर लांबीचा वेलांटीच्या आकाराचा पाव भाजला होता. त्याने ती पहिली म्हणून भाजली होती, पण तबकात उलटी ठेवल्यामुळे ती दुसरी झाली होती. हे त्याच्या लक्षात आले नाही. पाव उत्कृष्ट होता.

कार्यालयाच्या खिडकीपाशी कारकुनाने हिरव्या किनारीचा कागद पुढे सरकवला आणि पोचपावतीवर बोट ठेवले. “वाचून घ्या, मगच सही करा.”

अनुस्वाराने वाचले. तिचे डोळे एका ठिकाणी थांबले. तिने कागद माझ्याकडे वळवला. तिला ते दिसणारच होते. तिला वाचायला मी शिकवले आहे.

‘…या देशाची नागरीक आहे.’

दुसरी वेलांटी.

हिने माझा दंड धरला. जावई छताकडे पाहू लागला. वकीलबाईंनी डोळे मिटले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनीही, काय चालले आहे ते ठाऊक नसताना, श्वास रोखल्याचे मला जाणवले.

“बाबा,” अनुस्वार म्हणाली, “बघितलंत?”

“बघितले.”

“मग?”

चौतीस वर्षांत माझ्या हातून अशुद्ध अक्षर कधी पुढे गेले नाही. मी तो शब्द पुन्हा वाचला. री बरीच ऐसपैस होती. डोक्यावरून वळून खाली उतरलेली, कोणाला तरी धरून ठेवल्यासारखी.

“सही कर,” मी म्हणालो.

तिने सही केली आणि माझ्या टाळूवर हनुवटी टेकून उभी राहिली. ती आता माझ्याहून उंच आहे. बाहेर तिच्या केंद्राचा बंब उभा होता. आम्ही पायऱ्या उतरताच जवानांनी घंटा वाजवली, सबंध रस्ता वळून पाहीपर्यंत. हे पूर्णतः नियमबाह्य होते. मी त्यांना आणखी एकदा वाजवण्यास सांगितले.

जावयाच्या निवेदनातील, कार्यालयाच्या नोंदीतील आणि माझ्या सांगण्यातील तारखा येथे शुद्ध करून ठेवतो :

१९ नोव्हेंबर १९८२ : मुलगी आली. डिसेंबर नव्हे. ‘आणली’ असेही नव्हे.

८ फेब्रुवारी १९८३ : दत्तक आदेश. कोर्टाने आम्हांस मुलगी दिली.

२० जून १९८३ : हिच्या म्हणण्याप्रमाणे पहिला शब्द, ‘आई’, न्हाणीघरात. मी तेथे नव्हतो. सबब तो खोटा म्हणण्यास मला आधार नाही.

२३ जून १९८३ : प्रमाणपत्र केवळ दुरुस्तीसाठी परत पाठवले.

२४ जून १९८३ : शब्द, ‘चूक’. बोट ठेवले, तेथे चूक नव्हती. एक दिवसाचा उशीर होता, इतकेच.

३ ऑक्टोबर १९८३ : कार्यालयाने प्रश्न विचारला. उत्तर : हो.

३१ डिसेंबर १९८३ : या दिवशी काहीही बंद झाले नाही.

११ मे २०२३ : चूक माझी.

६ जून २०२३ : प्रमाणपत्र स्वीकारले. त्यातील मजकूर : ‘ही दि. ६ जून १९८३ पासून या देशाची नागरीक आहे.’ दुसरी वेलांटी मुळाबरहुकूम. राहू द्यावी.